गादीवर कादंबरी

ऐकलं का तुम्ही? आपल्या नागपूरच्या लकडगंजात काय चालून राहिलं ते? नसेल ऐकलं तर बसा जरा. चहा सांगते, कारण ही गोष्ट उभ्याउभ्याने सांगायची नाही.

ज्या गल्ल्यांत सकाळपासून आरामशीन किंचाळते, जिथे ‘कसे आहात’ विचारायच्या आधी सागवानाचा घनफुटाचा भाव विचारतात, नाकात भुसा गेल्याशिवाय जिथे दिवस सुरू झाला असं कुणी मानत नाही, त्या लकडगंजात सध्या लोक एकमेकांना कादंबऱ्या सुचवून राहिले आहेत. हो हो, कादंबऱ्याच! टालावरच्या गादीवर पांढऱ्या खोळीच्या लोडाला टेकून काकाजी बसलेले, समोर खातेवही उघडी, आणि खातेवहीच्या आत काय? विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’! गिऱ्हाईक बीजाच्या फळ्या मागतंय आणि काकाजी हाताने ‘थांबा’ म्हणून राहिले, कारण तिकडे जहाजावर हेर्टा नावाची पोरगी बोलून राहिली आहे. शिव शिव! धंद्याच्या वेळी!

बरं, हे एकट्या काकाजींचं असतं तर वय झालं म्हणून सोडून दिलं असतं. पण साथ पसरली आहे. 11 डिसेंबर 2022ला सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरची मेट्रो सुरू झाली तेव्हा आम्हा बायकांना वाटलं, चला, टेलिफोन एक्सचेंजहून बर्डीपर्यंत थंडगार बसून लोकांच्या साड्या तरी निवांत पाहता येतील. आता साड्या कोण पाहतं? समोरचीच्या मांडीवरच्या पुस्तकाचं नाव वाचायला माना तिरक्या होऊन राहिल्या आहेत. परवा एका बाईने मान इतकी वाकवली की शेजारीण म्हणाली, “घ्या ना बाप्पा, तुम्हीच वाचा, मी संध्याकाळी घरून घेऊन जाते.” आणि घेतलं की हो तिने! ओळख ना पाळख!

आता या व्यसनातली खरी लाजेची गोष्ट सांगते. लोक वाचतात याचं मला काही नाही. लोक एकनिष्ठ राहिले नाहीत, हे दुखणं आहे.

पूर्वी किती सरळ होतं. घराघराचं ठरलेलं असायचं. एक घर ‘स्वामी’, ‘छावा’, ‘पानिपत’वालं, त्या घरात बैठकीत तलवार नसली तरी तलवारीचं कॅलेंडर असायचं. एक घर बाबूराव अर्नाळकरांचं. त्या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे अशा घराला दुसरीकडे बघायची गरजच पडत नसे. झुंझार आणि काळापहाड यांच्यात उभी हयात निघून जायची. एक घर नारळीकर वाचणारं, म्हणजे मुलगा इंजिनिअरिंगला. एक घर ‘कोसला’वालं, म्हणजे मुलगा इंजिनिअरिंग सोडून परत आलेला. माणूस काय वाचतो हे कळलं की त्याच्याशी कशावर बोलायचं, कशावर नाही, हे आपोआप कळत होतं. आता? इकडे ‘मृत्युंजय’, उशीखाली ‘लुचाई’, आणि स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यामागे वेदप्रकाश शर्मांचा ‘वर्दी वाला गुंडा’. अशा माणसाला काय म्हणायचं? चारित्र्य म्हणून काही?

कादंबऱ्या सुचवायच्या या खेळाचा नियमही ऐकून घ्या, म्हणजे तुमच्यावर कुणी टाकला तर सावध असाल. समोरच्याने आवडलेल्या शेवटच्या दोन कादंबऱ्या सांगायच्या. आपण तिसरी द्यायची. पण ती त्या दोन्हींच्या जातीची निघाली तर बाद! ऐतिहासिकवाल्याला ऐतिहासिक दिली की लोक हसतात. “हे तर दुकानदारपण करते,” म्हणतात. दुसऱ्या पेठेतलीच द्यायची आणि तरी माणसाला लागली पाहिजे. लागली नाही तर पुढच्या वेळी सगळ्यांना चहा तुमच्याकडून, सोबत सांभारवडी.

देशपांडे ले-आउटच्या बाजूला एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. जन्मभर ऐतिहासिक. पेशव्यांच्या घरातली भांडणं त्यांना स्वतःच्या घरातल्यापेक्षा जास्त पाठ. त्यांना कुणीतरी नारायण धारपांची ‘लुचाई’ दिली. धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून घडवलेली ही भयकादंबरी, मराठी गावात, मराठी घरांत आणून अशी बसवलेली की आपल्याच गल्लीतला अंधार नको वाटतो. त्यांची बायको मला भाजीच्या गाडीपाशी भेटली. डोळे लाल. म्हणाली, “काय सांगू ताई, रात्री दोनला उठून खिडकीची कडी पाहून येतात हे. पानिपतात लाख माणूस मेला तेव्हा घोरत होते.” मी म्हटलं, मग काढून घे ना पुस्तक. तर म्हणे, “कशी काढू? मीच वाचून राहिली दुपारून.”

त्यांच्यापेक्षा मोठा प्रकार झाला प्लायवूडवाल्या शेठच्या पोराचा. तो विषय जरा सविस्तर सांगावा लागेल, कारण त्यात मोहल्ल्यातली दोन चांगली घरं अबोल्यावर आली.

पोराने ‘तुंबाड’ सिनेमा पाहिला. 2018ला आला तेव्हा नाही. 2024ला पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, तेव्हा. सिनेमा डोक्यात भिनलेला. आला आणि म्हणाला, असंच भीतीचं काही वाचायला द्या. आमच्याकडच्या एका काकूंनी, बिचाऱ्या सरळ स्वभावाच्या, कपाटातून ‘तुंबाडचे खोत’ काढून दिली. श्री. ना. पेंडसे, 1987, दोन खंड. उशी करून झोपता येईल एवढा ऐवज. पोरगा खूश. वाचायला बसला. शंभर पानं झाली, भूत नाही. दोनशे झाली, भूत नाही. कोकणातलं घराणं, त्यांच्या पिढ्या, त्यांची माती, त्यांचे माज. हा वाट पाहतो, आता येईल, आता येईल. इकडे शेजारच्या गल्लीतल्या मास्तरांना कळलं. मास्तर भयंकर चिडले. अज्ञानाची हद्द म्हणाले. सिनेमा काय, कादंबरी काय, नावापलीकडे संबंध काय! पेंडसे म्हणजे काय टीव्हीवरची हडळ वाटली का? काकूंनी मनाला लावून घेतलं आणि मास्तरांकडे जाणारी विरजणाची वाटी बंद केली.

आणि गंमत पाहा, अर्धं मास्तरांचं बरोबर, अर्धं काकूंचं. सिनेमाचं नाव त्या दिग्दर्शकाने, राही अनिल बर्वेने, पेंडश्यांच्या कादंबरीवरूनच घेतलेलं आहे. भीती मात्र धारपांकडची. आणि ती भीती त्याला कुठे भेटली? आपल्या नागझिऱ्यात! 1993ला नागझिऱ्याच्या जंगलात असताना एका मित्राने त्याला धारपांची गोष्ट सांगितली आणि हा माणूस असा घाबरला की पुढे त्यातून सिनेमाच करून बसला. म्हणजे कोकणातल्या खोतांचं नाव, पुण्याच्या धारपांचं भय आणि भंडारा-गोंदियाकडची रात्र. सांगा आता, हे कोणत्या कपाटात ठेवायचं? मास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, हे मला माहीत होतं. विरजण अजून बंदच आहे.

पोराचं काय झालं? तेच तर सांगायचं होतं. भूत न भेटता त्याने दोन्ही खंड संपवले. दुसऱ्यांदा सुरू केलं. पुस्तक परत मागितलं तर म्हणतो, “काकू, अजून आठ दिवस.” बाप म्हणतो, याच्यापेक्षा तर्रीपोह्याच्या टपरीवर रात्री उभा राहायचा ते बरं होतं, तिथून निदान हाक मारली की यायचा.

बापलेकांवरून आठवलं. वर्धमाननगरच्या एका सज्जन गृहस्थांनी लेकाच्या वाढदिवसाला खांडेकरांची ‘ययाति’ दिली. चांगल्या मनाने. ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाची, सोनेरी अक्षरांची, नवी करकरीत प्रत. मुलाने मागचा मजकूर वाचला, बापाने मुलाकडे तारुण्य मागितलं वगैरे, आणि दोन दिवस घरात गप्प. तिसऱ्या दिवशी आईला विचारलं, “बाबांना काही हवं आहे का माझ्याकडून? फ्लॅट नावावर करायचा आहे का?” कादंबरी सुचवताना देणारा कोण, घेणारा कोण, हे नाही पाहिलं की असं होतं.

आता जरा कानाजवळ या. एका घरातलं कपाट मी स्वतः पाहिलं. घर अतिशय सोज्वळ, सकाळी उदबत्ती, संध्याकाळी शुभंकरोती. सुनेने पुस्तकं नावाच्या अक्षरानुसार लावलेली. आणि तिथे खांद्याला खांदा लावून उभी कोण? ‘श्यामची आई’ आणि ‘श्यामा’! सानेगुरुजींच्या शेजारी चंद्रकांत काकोडकर! मला तर घेरी आली. ही ‘श्यामा’ 1962च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि अश्लील म्हणून खटला उभा राहिला. तो चालत चालत थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1969 साली काकोडकर त्यातून सुटले. मी सुनेला म्हटलं, अगं, निदान मध्ये एखादी शब्दकोशाची भिंत तरी घाल. ती शांतपणे म्हणाली, “काकू, एक तुरुंगात लिहिलेलं आहे आणि दुसरं कोर्टात गेलेलं. दोघांचं चांगलं जमेल.” आहे की नाही! ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात 1933ला लिहिली गेली, हे हिला माहीत. सासूला पुढे काय बोलावं सुचेना. सासूने ‘श्यामा’ उचलली, वाचली आणि म्हणाली, “याच्यासाठी कोर्ट?” तिच्या आवाजातली निराशा मला अजून विसरता येत नाही.

पण खरं सांगू? दोष वाचकांना देऊन काय फायदा, मूळ बिघडलेलं तिकडे आहे. लेखकच एका खुंटीला बांधून राहिले नाहीत. हरिभाऊ आपट्यांचंच घ्या. ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहून घराघरातल्या बायकांना रडवलं, मग त्याच हाताने ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’. आपल्या परतवाड्याचे अरुण साधू! ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहून मंत्रालयाच्या जिन्याखालचा धूळकचरा बाहेर काढला, म्हणून आपण त्यांना राजकीय कादंबरीवाले म्हणून बसवलं, 2007ला नागपूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं. तर याच गृहस्थांची ‘विप्लवा’ ही विज्ञानकादंबरी! उद्धव शेळक्यांनी 1960ला ‘धग’ लिहिली. वऱ्हाडी बोलीतली कौतिक अशी उभी केली की अजून तिच्यापुढे भल्याभल्या नायिका मेकअप केलेल्या वाटतात. मग त्याच शेळक्यांनी बाजारात खपणाऱ्या लोकप्रिय कादंबऱ्याही ढिगाने लिहिल्या. काय समजायचं वाचकाने?

ग. त्र्यं. माडखोलकर तर आपल्या गावचेच. नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक. अग्रलेखात गंभीर राजकारण, आणि ‘मुक्तात्मा’, ‘भंगलेले देऊळ’ या कादंबऱ्यांत राजकारण आणि प्रेम एकाच ताटात. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला त्या 1946च्या बेळगाव संमेलनाचे अध्यक्षही हेच. अशा वजनदार माणसाने प्रेमकथा लिहाव्यात!

आणि सोंगं किती! 1933ला ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, लेखिका विभावरी शिरूरकर. लगेच पुढच्या वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी. बायकांच्या मनातलं इतकं उघड लिहिलेलं की लोकांचं जेवण गोड लागेना. आणि ही विभावरी कोण, बाई की बाप्या, यावर गदारोळ. निघाल्या मालतीबाई, पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे. आणि लग्न कुणाशी? त्या ‘रणांगण’वाल्या विश्राम बेडेकरांशी! म्हणजे आमच्या काकाजींच्या खातेवहीत जो सापडला, त्याच्याच घरात ही. एकाच घरातून एवढा दारूगोळा निघाला आणि मधल्यामध्ये वाचक बिचारा पोळला.

नारळीकरांना तरी सरळ समजत होतो. केंब्रिजचा माणूस, ताऱ्यांचा हिशेब ठेवणारा. 1974ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत यांनी ‘कृष्णविवर’ ही गोष्ट पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने! स्वतःच्या आद्याक्षरांची उलटी माळ करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहवून घेतलेली. बक्षीस मिळालं, मग कळलं. दुसरा कुणी असता तर मोहल्ल्याने त्याला नाक्यावर गाठला असता.

या सगळ्यांचा हिशेब आधीच घेऊन बसलेली बाईही नागपूरचीच होती, हे आपल्याला सोयीने आठवत नाही. मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या कुसुमावती देशपांडे. मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, आणि 1961ला ग्वाल्हेरला साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. शंभर वर्षांच्या कादंबऱ्या, चांगल्या, वाईट, रडक्या, तलवारीच्या, ओळीने वाचून काढायच्या! कवी अनिलांशी त्यांचा पत्रव्यवहारही पुढे छापला गेला, तो आमच्याकडच्या पोरी अजून कादंबरीसारखा वाचतात. आजच्या या साथीचं मूळ शोधायला पोलीस पाठवायचे तर मी त्यांना तिकडेच पाठवीन.

आता मुख्य आरोपीकडे वळते, म्हणजे गादीवरचे काकाजी. हे कच्छी, तीन पिढ्या इथेच, मराठी आपल्यापेक्षा नागपुरी. यांना वाचायला लावलं कुणी? मुनीमजीने. मुनीमजी मूळचे बनारसकडचे, त्यांनी काकाजींना देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ दिली. काकाजी म्हणाले, “ते टीव्हीवरचं? क्रूरसिंगवालं? जाऊ दे बे.” मुनीमजी म्हणाले, “शेठजी, लिहिणारा आपल्या लाइनीतला होता.” आणि खरंच! खत्रींनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. त्या जंगलांत, पडक्या किल्ल्यांत फिरून त्यांना ते तिलिस्म आणि ऐयार सुचले. ही कादंबरी वाचता यावी म्हणून त्या काळी लोक हिंदी शिकले असं सांगतात. लाकडाच्या ठेकेदाराने एवढं केलं, हे कळल्यावर काकाजींची छाती टालावरच्या ओंडक्याएवढी झाली. ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग आहेत कळल्यावर तर त्यांनी मालाच्या गाडीसोबत मागवायचे म्हणून निरोप धाडला.

इथेच थांबले असते तर मोहल्ल्याची अब्रू राहिली असती. पण नियम आहे ना, तिसरी भलत्या पेठेतली पाहिजे! कुणीतरी त्यांना जी. ए. कुलकर्ण्यांनी मराठीत आणलेली कॉनरॅड रिक्टरची ‘रान’ दिली. अमेरिकेतलं घनदाट जंगल, त्यात शिरणारं कुटुंब, झाडं तोडत तोडत वस्ती होते. पुढे ‘शिवार’, मग ‘गाव’. तीन पुस्तकांत रानाचं गाव होऊन जातं. काकाजींनी वाचलं आणि विचारलं, “त्या वेळी तिकडे घनफुटाला काय भाव होता?” सगळे हसले. ते हसले नाहीत. ते पुस्तक पुष्कळ दिवस गादीवर राहिलं, आणि एकदा मी त्यांना एका ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर बोट ठेवून वर्तुळं मोजताना पाहिलं. मोजून झाल्यावर मुनीमजीला म्हणाले, “हा माझ्या आजोबांच्या आधीचा.”

मग आली विलास मनोहरांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’. हेमलकशात राहिलेल्या माणसाने लिहिलेली, माडिया गोंडांच्या जगातली. ती काकाजींना कुणी दिली ते अजून कबूल होऊन नाही राहिलं. म्हणजे पाहा, आलापल्लीच्या सागवानावर इकडच्या माणसाला केवढा अभिमान. अयोध्येच्या मंदिराला चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान गेलं, दिल्लीच्या नव्या संसद भवनाला नागपूरहून सागवान गेलं, तेव्हा इथे पेढे वाटले होते. त्याच जंगलाखाली राहणाऱ्या माणसाचं आयुष्य ठेकेदार, जंगलखातं, पोलीस आणि बंदूकवाले यांच्या मध्ये कसं पिळून निघतं ते त्या कादंबरीत आहे. लाकडाच्या गादीवर ही! काय म्हणावं देणाऱ्याच्या हिमतीला?

आम्ही सगळे टपून बसलो होतो, काकाजी भडकतील, पुस्तक रस्त्यावर येईल, आम्हाला महिनाभर पुरेल एवढं बोलायला मिळेल. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी गिऱ्हाईक म्हणालं, “शेठ, माल कुठला?” रोज काकाजी ‘आलापल्ली’ म्हणून छाती काढायचे. त्या दिवशी ‘आलापल्ली’ म्हणाले आणि पुढे अर्धा तास त्या माणसाला खुर्चीवर बसवून कादंबरी सांगितली. गिऱ्हाईक भाव करायचं विसरून गेलं. आता शेजारचे टालवाले म्हणतात, काकाजीने धंद्याची नवी युक्ती काढली. त्यांनीही दोन-दोन कादंबऱ्या दर्शनी भागात ठेवल्या आहेत. प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

सुचवणाऱ्यांच्या जातींबद्दल बोलू का? थोडक्यात बोलते, कारण काही जण शेजारच्याच खोलीत आहेत. एक असतो पुरस्कारवाला. हा साहित्य अकादमीची यादी पाठ करून येतो: ‘राघववेळ’, ‘बारोमास’, आशा बगेंची ‘भूमी’. पुस्तकं एकाहून एक. नामदेव कांबळे वाशीमचे, सदानंद देशमुख बुलडाण्याचे, आशाताई नागपूरच्या, सगळं आपल्याच अंगणातलं. पण याने एकही उघडलेलं नसतं, फक्त सालं सांगतो. दुसरी असते ‘मूळ भाषेतच वाचा’वाली. आपण उमा कुलकर्ण्यांनी मराठीत आणलेली भैरप्पांची ‘पर्व’ हातात घेतली की ही म्हणते, कानडीत वाचायला हवी होती. मी म्हटलं, तुम्ही वाचली? तर म्हणे, मला कुठे येते कानडी. तिसरा सगळ्यांना ‘कोसला’ देतो. 1963पासून हे चालू आहे. नव्या सुनेलाही, डायलिसिसवरच्या आजोबांनाही, पाचवीतल्या मुलालाही. चौथा म्हणजे ज्याच्यावर खरंच लकडगंज ठाण्यात गुन्हा नोंदवावा असा नराधम: तो रहस्यकथा देताना खुनी कोण ते सांगतो, आणि वर म्हणतो, “तरी वाच, भाषा छान आहे.”

माझं म्हणाल तर मी अशा भानगडीत पडत नाही. मी फक्त एवढंच पाहते की देणाऱ्याच्या आवाजाला काय होतं. नुसतं ‘चांगली आहे’ म्हटलं की मी घेत नाही. ‘त्यातली ती बाई आहे ना, ती जेव्हा...’ असं म्हणून मध्येच थांबला आणि ‘नाही, तुम्हीच वाचा’ म्हणाला, की मी पिशवी पुढे करते. रहस्य असो, इतिहास असो, मंगळावरचं असो. ‘बनगरवाडी’ मला अशीच मिळाली, भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ही. आचार्य अत्र्यांनी जिच्यावर एवढी तोफ डागली, ती नाक्यावरच्या पोरांची कादंबरी मी भर दुपारी दार उघडं ठेवून वाचली. पुरावा म्हणून. उद्या कुणी विचारलं, ही साथ नेमकी काय आहे, तर सांगायला कुणीतरी नको का?

अरे हो, आजची ताजी राहूनच गेली. परवा आमच्या खालच्या मजल्यावर मुलगी पाहायचा कार्यक्रम होता. पाहुणे गांधीबागेतले, कापडवाले. पोहे झाले, संत्राबर्फी झाली. मुलाला विचारायला सांगितलं तर तो म्हणाला, मला काही विचारायचं नाही. मुलगी म्हणाली, मला आहे. सगळ्यांचे घास थांबले. तिने विचारलं, “शेवटची कादंबरी कोणती वाचली?” मुलगा म्हणाला, वेळ मिळत नाही. मुलीच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. पण मुलाची आई तोवर उठून कपाटाजवळ गेली होती. एकेक पुस्तक काढून पाहून राहिली. रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ तिच्या हातात आली. साक्षरतेच्या मोहिमेत शाळेतले मास्तर कागदावर कागद कसे रंगवतात त्याची ती कादंबरी, आणि ही बाई निवृत्त शिक्षिका. उभ्याउभ्या चार पानं वाचली आणि एवढ्या जोरात हसली की नवऱ्याने दचकून चष्मा काढला.

निघताना ते पुस्तक तिच्या पिशवीत गेलं. मुलीची आई म्हणते, होकार आहे म्हणूनच नेलं. बाप म्हणतो, नकार देताना कुरिअरने येईल. मुलगा पसंत आहे की नाही, हे मुलगी सांगायला तयार नाही. ती म्हणते, सासू चालेल. तिच्यासाठी तिने पुढची कादंबरीही काढून ठेवली आहे, कोणती ते मलासुद्धा दाखवत नाही.